फ्रीकॅड
फ्रीकॅड ही यंत्रांचे सुटे भाग, इमारती इत्यादींचे त्रिमितीय आरेखन करण्यासाठी वापरली जाणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली आहे. तिची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असून विंडोज, मॅकओएस व लिनक्सवर चालते. हिच्यात आकृती मापांशी बांधलेली असते. पट्टीची लांबी बदलली, की त्या मापाशी निगडित भोकांची जागाही आपोआप बदलते. मात्र जुन्या आवृत्त्यांत याच सोयीला एक मोठी उणीव चिकटलेली होती. प्रणाली आकृतीच्या प्रत्येक पृष्ठाला व कडेला क्रमांक देते. आधीच्या टप्प्यात फेरफार केल्यास हे क्रमांक बदलत आणि एका पृष्ठावर पाडलेले भोक भलत्याच पृष्ठावर जाई, किंवा सगळी आकृतीच विस्कटे. नोव्हेंबर २०२४ मधील १.० या आवृत्तीत हा दोष बराच कमी झाला. त्याआधीच्या आवृत्तीत काम करणाऱ्याने रेखाटने पृष्ठांना न जोडता मूळ प्रतलांना जोडावीत.