अब्बांची इम्पाला आणि तीन फेरे

आमच्या अब्बांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओमुळे अधू आहे. क्लच दाबणे त्यांना कधी जमले नाही. तरी त्यांनी वर्षानुवर्षे गाडी चालवली, कारण आमच्या १९६५ सालच्या शेव्हर्ले इम्पालाला क्लचचे पेडलच नाही. तिचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तो बिघडला तेव्हा गॅरेजवाल्याने सरळ सांगितले, "हा काढून टाका. साधा गिअरबॉक्स बसवून देतो." जुन्या अमेरिकन गाड्यांचे आपल्याकडे अनेकदा असेच होते. गाडी चालू झाली असती, पण अब्बांची राहिली नसती. ते एवढेच म्हणाले, "मग तुम्हीच फिरवा, बेटा."

त्या रात्री आम्ही भावंडांनी ठरवले की गिअरबॉक्स घरीच उघडायचा.

हिंमत झाली ती त्याच्या साधेपणामुळे. शेव्हर्लेने पॉवरग्लाइड १९५० मध्ये आणला आणि १९७३ पर्यंत बनवला. १९६२ पासून त्याला ॲल्युमिनियमचे हलके कवच मिळाले, आमचा तोच. पुढे जायचे गिअर फक्त दोन, शिवाय रिव्हर्स. अमेरिकेत शर्यतीच्या गाड्यांत तो आजही वापरतात, म्हणून त्याचे सील, गॅस्केट, प्लेटा आणि बँड यांचा संच मागवता येतो.

याचे काम समजायला दोन पंखे समोरासमोर ठेवल्याची कल्पना करा. एक सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे हवेऐवजी तेल असते. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर. त्याच्या मागे दात्यांच्या चाकांचा एकच संच आणि त्याला धरणाऱ्या तीन पकडी. पहिल्या गिअरसाठी ड्रमभोवती आवळणारा पट्टा, म्हणजे बँड, दुसऱ्यासाठी क्लच प्लेटांची एक चळत, रिव्हर्ससाठी दुसरी. कोणती पकड कधी आवळायची, हे तेलाचा दाब ठरवतो.

दुखणेही यावरूनच कळते. आमची गाडी रिव्हर्स नीट घेई, पहिल्या गिअरात नीट निघे. दुसरा पडला की मात्र इंजिन ओरडे आणि गाडी ओढत नसे. तेल काळे पडले होते, जळका वास येत होता. म्हणजे दुसऱ्या गिअरच्या प्लेटा गेल्या. तरी खोलण्याआधी मागच्या मॉड्युलेटरची रबरी नळी काढून पाहिली. तिच्यात तेल सापडले असते तर आतला पडदा फाटलेला असता. नळी कोरडी होती.

गाडी भक्कम स्टँडवर चढवली, चाकांना दगड लावले, बॅटरी सोडली, इंजिनला खालून आधार दिला. मगच बोल्ट सैल केले. सुमारे पन्नास किलोचे ते धूड जॅकवर बांधून उतरवले. जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये. क्लचच्या स्प्रिंगाही दाबून धरणाऱ्या अवजाराशिवाय सोडू नयेत. त्या उसळून डोळा जाऊ शकतो. कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, तो घरी उघडत नाहीत.

आपाने वही धरली. प्रत्येक वॉशर कोणत्या बाजूने निघाला, हे ती लिही आणि फोटो काढी. भाग धुतल्यावर सूत सुटणारे फडके कोणी वापरायचे नाही, हा तिचा हुकूम. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात भिजवल्या. वॉशर जागी चिकटून राहावेत म्हणून ग्रीस नव्हे, व्हॅसलीन लावले. ते गरम तेलात विरघळते. बोल्ट आवळण्याआधी कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला आहे आणि हाताने मोकळा फिरतो आहे, याची खात्री केली. नाहीतर पंपच फुटतो.

नवे तेल भरून गाडी सुरू केली. रिव्हर्स घट्ट लागला. पण पुढे जायला टाकली तर इंजिन ओरडले आणि गाडी जागची हलेना. आम्ही सुन्न झालो. अम्मी म्हणाली, "आता त्याच गॅरेजात न्या."

अब्बा खुर्चीतून म्हणाले, "रिव्हर्स चालतो ना? मग पंप ठीक आहे. बँड बघा. किती फेरे दिले?"

बँडचा स्क्रू ७० इंच-पौंडांवर आवळून मग उलटा फिरवायचा असतो. जुन्या बँडला चार फेरे, नव्याला तीन. मोठा भाई खाली मान घालून म्हणाला, "मोजताना फोन आला होता, अब्बा." स्क्रू कवचाच्या बाहेरूनच फिरवता येतो. पुन्हा आवळताना मोजले, तर आधी पाच फेरे सोडलेले निघाले. माप पुरे भरावे ही कुरआनची ताकीद आपण बाजारात आठवतो. पान्यालाही ती लागू आहे, हे आम्हाला त्या दिवशी उमगले. या वेळी आपाने मोठ्याने मोजले. एक, दोन, तीन.

भाईने चूक लपवली असती, तर आम्ही सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवला असता, किंवा गॅरेजवाल्याचे ऐकले असते.

जुम्याच्या दिवशी अब्बांनी स्वतः गाडी काढली. गल्लीच्या टोकाला दुसरा गिअर कधी पडला, ते कळलेही नाही. मशिदीपाशी उतरताना ते म्हणाले, "वही जपून ठेवा. पुढच्या वेळी मी मोजेन."