जुन्या ट्रॅक्टरची गिअरपेटी व पावसाचें पाणी

मॅसी फर्ग्युसन ३५ सारख्या जुन्या ट्रॅक्टरांत गिअरपेटीचें तेलच हायड्रॉलिक लिफ्टही चालवितें. सबब तें बिघडलें असतां दोहोंसही धोका पोहोंचतो. गिअरच्या दांड्याचें रबरी टोपण फाटलें कीं पावसाचें पाणी आंत झिरपून तेल दुधाळ होतें व बेअरिंगांस गंज धरतो. याकरितां पावसाळ्यानंतर तेल अवश्य पाहावें. दुधाळ दिसल्यास ट्रॅक्टर थोडा चालवून, तेल कोमट असतांनाच, खालचीं बुचें काढून तें भांड्यांत उतरवावें. त्यांत बारीक भुकटी असल्यास ती नित्याची झीज होय. दांत्याचा तुकडा सांपडल्यास मात्र पेटी तपासल्यावांचून ट्रॅक्टर चालवूं नये. टोपण बदलून, निर्मात्यानें सांगितलेल्या जातीचें तेल खुणेपर्यंत भरावें. तेलाचा खर्च सोसेल. ऐन पेरणींत गिअर तुटलेले सोसणार नाहींत, इतकेंच आम्ही शेतकरी बंधूंस सुचवितों.