कामगंध सापळा : कपाशीच्या शेतातला पहारेकरी



गेल्या अंकातील जमाखर्चात 'कामगंध सापळे व ल्युर' अशी एक ओळ होती. हा कसला खर्च, असे काही वाचकांनी विचारले. एवढ्याशा रबराच्या गोळीने बोंडअळी जाते का, अशीही शंका आली. शंका रास्त आहे. आपण दिलेला पैसा कोणत्या कामी लागतो हे आपल्याला कळायलाच हवे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम पोडांवर मी शेतीचे काम पाहतो. इथली शेती पावसावरची आणि मुख्य पीक कपाशी. कपाशीचा मोठा शत्रू म्हणजे गुलाबी बोंडअळी. ही अळी अंड्यातून निघाली की लवकरच फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. तिने पाडलेले छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. एकदा ती आत गेली की फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून फवारणी करायचीच, तर पतंग अंडी घालू लागतात त्या दिवसांतच करावी लागते. पण पतंग रात्री उडतो, आकाराने लहान आणि रंगाने मातकट. तो शेतात आला हे शेतकऱ्याला कळणार कसे?

कळत नाही, म्हणून अंदाजाने फवारणी होते. शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला की आपणही घ्यायचा. औषध बहुधा उधारीवर येते. कधी फवारणी फुकट जाते, कधी वेळ निघून गेलेली असते. पैशापेक्षा मोठे नुकसानही होते. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा टळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे नुसती बचत नव्हे.

आता गोळीविषयी. मादी पतंग रात्री आपल्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एक गंध सोडते. माणसाच्या नाकाला तो जाणवत नाही. नर मात्र तो मिशांनी ओळखतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने उडत मादीपर्यंत येतो. हाच कामगंध. प्रत्येक जातीचा गंध वेगळा असतो, त्यामुळे सहसा त्या जातीचेच नर त्याकडे येतात.

असा गंध पहिल्यांदा ओळखला गेला तो रेशीमकिड्याचा. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी त्यासाठी सुमारे ५ लाख मादी पतंग वापरले. जवळजवळ वीस वर्षांच्या कामानंतर १९५९ मध्ये त्यांनी त्या द्रव्याची रचना जाहीर केली. इतक्या पतंगांतून हाती लागले ते काही मिलिग्रॅमच.

पुढे काम सोपे झाले. मादीच्या ग्रंथी द्रावणात धुऊन अर्क काढतात. यंत्रात त्या अर्कातील घटक एकामागून एक वेगळे होऊन बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा एक भाग नर पतंगाच्या मिशीवरून सोडतात आणि मिशीला बारीक तारा जोडलेल्या असतात. ज्या घटकाला मिशी प्रतिसाद देते, तिथे विजेचा सूक्ष्म ठोका उमटतो. म्हणजे शेकडो घटकांतून नेमका कोणता कामाचा, हे नर पतंगच सांगतो.

तरीही चूक होऊ शकते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत ती झाली. १९६६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तिचा गंध सापडल्याचे जाहीर केले, पण ते द्रव्य शेतात ठेवल्यावर नर येईनात. खरे उत्तर १९७३ मध्ये मिळाले. तो गंध एका द्रव्याचा नसून दोन द्रव्यांचा आहे. दोन्हींत अणू तेच, सोळा कार्बनची साखळीही तीच. फरक फक्त साखळीतील एका वळणाच्या दिशेचा. ही दोन द्रव्ये साधारण निम्मी-निम्मी असली तरच नर नीट येतात. या मिश्रणाला गॉसिप्ल्युर म्हणतात. आपल्या ल्युरमध्ये तेच असते.

प्रमाणाला किती महत्त्व आहे पाहा. हरभऱ्यावरील घाटेअळी आणि धानावरील पिवळा खोडकिडा या दोघांच्या गंधात मुख्य द्रव्ये तीच दोन आहेत. घाटेअळीत त्यांचे प्रमाण ९७ ला ३, तर खोडकिड्यात ३ ला १. म्हणून दुकानात नुसते 'ल्युर द्या' म्हणून चालत नाही, किडीचे नाव सांगावे लागते. आपल्यापैकी जे शेती करतात त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

सापळ्याविषयी एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. एका पोडावरच्या आजोबांनी पिशवी उघडून मला विचारले, "भाऊ, याच्यात तर चारच पाखरं पडली. बाकीच्यायचं काय?" मी म्हणालो, "आजोबा, हा सापळा अळी मारायला नाही, खबर द्यायला आहे." सापळ्यात फक्त नर येतात. माद्या बाहेरच राहतात आणि उरलेल्या नरांशी त्यांचे मीलन होते. दोन-चार सापळ्यांनी कीड संपत नाही. ती आली का आणि किती आली, एवढे मात्र कळते.

त्यासाठी एकरी २ सापळे पुरतात. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने ते पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच लावतो. रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायचे. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा अधिक नर आले, तर उपायाची वेळ आली असे समजायचे. जोडीला डोमकळ्या, म्हणजे अळीने पाकळ्या गुंडाळल्यामुळे न उमललेली फुले, शोधून नष्ट करायच्या. २० हिरवी बोंडे फोडून पाहायची. दोनांत अळी निघाली तर नुकसान १० टक्क्यांवर गेले, मग थांबायचे नाही. ल्युरचा गंध उडून जातो, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत, साधारण तीन-चार आठवड्यांनी, तो बदलायचा. बदलताना हात स्वच्छ हवेत.

आमच्या पोडांवर ही मोजणी बहुतेक घरांत शाळेत जाणारी मुलेच करतात. वहीतला आकडा कमी असेल तर बाप पंप खाली ठेवतो. आकडा वाढला तर हातमोजे आणि तोंडाला मास्क लावूनच तो पाठीवर घेतो. शेवटची वेचणी झाली की फरदड न ठेवता पऱ्हाट्या उपटायच्या, हेही आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांवर अळी पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहते, आणि ते थांबवणे कोणत्याही सापळ्याच्या हातात नाही.

जमाखर्चातल्या त्या एका ओळीचा अर्थ एवढाच. शेतात कीड आहे की नाही हे शेतकऱ्याला वेळेवर कळावे, आणि गरज नसताना विष त्याच्या पाठीवर चढू नये, यासाठी तो खर्च झाला.