रक्तातला आदिमानव

गेल्या महिन्यात अशोक चौकाकडचे एक कुटुंब दवाखान्यात आले होते. नवरा यंत्रमागावर, बायको विड्या वळणारी, बरोबर कॉलेजात शिकणारा मुलगा. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या घरातले आजोबा आणि थोरले काका बारा दिवसांच्या अंतराने गेले. आता मुलाने मोबाइलवर कुठेतरी वाचले की, आदिमानवाकडून आलेला दोष ज्याच्या रक्तात असतो त्याला कोरोना जबर होतो आणि हा दोष भारताच्या बाजूला फार आहे. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर. म्हणाली, "पोराच्या रक्तात बी हाय का बघा की साहेब. तपासणी लिहून द्या."

बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. अर्धी बातमी माणसाला जास्त घाबरवते, म्हणून आज पूर्ण सांगतो.

निअँडरथल नावाची एक मानवजात युरोप आणि पश्चिम आशियात राहत असे. ती सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी नामशेष झाली. त्याआधी, आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले तेव्हा, या दोघांची गाठ पडली आणि त्यांना मुलेबाळेही झाली. हे नक्की कळले २०१० साली. जर्मनीतील लायप्झिगचे संशोधक स्वांते पाबो यांनी निअँडरथलच्या हाडांतून डीएनए काढून तो आजच्या माणसांशी ताडून पाहिला. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्याचा एक-दोन टक्के अंश निघाला. २०२२ साली पाबो यांना नोबेल मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे.

हाडातून डीएनए काढणे सोपे नव्हे. कानामागचे घट्ट हाड कोरून त्याची पूड करतात. त्यातला डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो, शिवाय त्यात मातीतल्या जंतूंचा आणि हाड हाताळणाऱ्यांचाही मिसळलेला असतो. थंड गुहेत तो टिकतो, उष्ण हवेत लवकर नासतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांनी हरियाणातील राखीगढी येथे उत्खनन केले. तिथल्या सिंधू संस्कृतीच्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला तो फक्त एका स्त्रीचा. ते संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या सोलापूरच्या उन्हात काय टिकेल, कल्पना करा.

आता त्या 'दोषा'कडे येऊ. २०२० साली दिसून आले की, तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा असलेल्या रुग्णांत कोरोना गंभीर होण्याचे प्रमाण जास्त आहे. हा तुकडा क्रोएशियाच्या एका गुहेतील निअँडरथलच्या डीएनएशी जुळतो, हे पाबो आणि त्यांचे सहकारी ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवले. म्हणजे तो त्यांच्याकडूनच आलेला. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांत. मुलाने वाचले ते इथपर्यंत.

पुढचे असे. २०२१ साली हैदराबादची सीसीएमबी आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी दक्षिण आशियातील लोकसमूहांत हा तुकडा किती आढळतो आणि तिथे साथ किती तीव्र होती, याची जुळवणी केली. दोहोंचा संबंध दिसला नाही. एकेका रुग्णाचा तो अभ्यास नव्हता, हे खरे. पण युरोपातला निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या घरात आणू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. आणि गंमत पाहा, याच तुकड्याची दुसरी बाजू झेबर्ग यांनीच २०२२ साली दाखवली. तो ज्यांच्याकडे आहे त्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो. पांढऱ्या पेशीत शिरायला हा विषाणू जी दारे वापरतो, त्यांपैकी एक दार या लोकांच्या पेशींवर कमी असते. (म्हणून कोणी बेफिकीर राहू नये!) मग याला दोष म्हणावे की देणगी? मी तरी दोष म्हणणार नाही.

हे सगळे मी त्या माउलीला माझ्या परीने सांगितले. तपासणी लिहून दिली नाही. निम्म्या लोकांत जे आहे ते मुलात निघाले तरी त्यावर गोळी नाही की पथ्य नाही, उगाच पैसे जातील. मग मी विचारले, गेलेल्या दोघांना आधीपासून काही आजार होता का? आजोबा सत्तरीचे, मधुमेही. काकांनाही मधुमेह, गोळ्या मात्र मनाला येतील तेव्हा घ्यायचे, आणि दम लागल्यावरही दोन दिवस घरीच काढले होते. वय आणि मधुमेह यांनी कोरोनात किती घरे बसवली, हे आम्ही डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

इतका वेळ मुलाचे वडील गप्प बसून होते. बाप गेला मधुमेहाचा, भाऊ गेला मधुमेहाचा, आणि यांनी आजवर साखर कधी तपासलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावले. १८६ निघाली.