पट्टा पडला, गावी परतले. पण सहा महिने उभी असलेली मोटारसायकल चालू होईना? गॅरेजला नेण्याआधी हे तपासा

साखर कारखान्यांचा पट्टा पडला की शिरूर कासार, आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतले ऊसतोड मजूर गावाकडे परततात. दिवाळीच्या सुमारास कुलूप लावलेली घरं उघडतात आणि हिवाळाभर पडवीत उभी असलेली मोटारसायकल बाहेर निघते. बटण दाबलं तर नुसतं ‘टक’ वाजतं. किका मारून पाय दुखतो, पण इंजिन काही धरत नाही. गाडी टेम्पोत घालून तालुक्याला न्यायची, तर घाम गाळून आणलेल्या पैशातून आधी भाडंच जातं.

अशा गाडीत बहुतेक वेळा मोठा बिघाड नसतो. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, करंट आणि हवा. त्यातलं काय कमी पडतंय ते क्रमाने पाहिलं, तर बरंचसं काम घरीच होतं.

आधी बॅटरी

इंजिन बंद करायचं लाल बटण चालू बाजूला आहे का, साइड स्टँड वर आहे का, हे पाहावं. मग हॉर्न वाजवावा. आवाज बसका आला किंवा आलाच नाही, तर बॅटरी उतरली आहे. १२ व्होल्टची चांगली बॅटरी मीटरवर साडेबाराच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर चार्जिंग हवंच. गाडीची बॅटरी लहान असते. ती ट्रॅक्टरच्या बॅटरीसारखी जोरात चार्ज करू नये, सावकाश करावी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्टर आहे. चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक आवाज आला पाहिजे. तो नसेल तर बॅटरी आणि फ्यूज बघा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर अशी गाडी ढकलूनही सहसा चालू होत नाही.

मग पेट्रोल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं. कार्बोरेटरमधलं थोडंसं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर जेटचं बारीक छिद्र बुजवतो.

जुन्या गाडीत कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करावा आणि पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढावं. आंबूस वास, गडद रंग किंवा तळाला पाण्याचे थेंब दिसले, तर टाकीही रिकामी करून ताजं पेट्रोल भरावं. नंतर चोक ओढून किक मारावी. तरीही पेट्रोल पुढे जात नसेल, तर कार्बोरेटर साफ करून घ्यावा लागेल. टाकीत डोकावताना काडी पेटवू नये, नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नये.

प्लग आणि हवा

प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय: पुसून वाळवावा, चोक बंद करावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. काळी काजळी असेल तर ब्रशने साफ करावी. ठिणगी तपासताना प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवावा. मात्र प्लगच्या छिद्रापासून लांब आणि सांडलेलं पेट्रोल पुसल्यावरच.

उभ्या गाडीत उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात, वायरी कुरतडतात. सीट काढून डबा उघडावा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली असेल तर ती आठवणीने काढावी.

एवढं करूनही चालू झाली नाही, तर काय तपासलं ते मेकॅनिकला नीट सांगावं. म्हणजे चांगल्या पार्टवर उगाच खर्च होत नाही. चालू झाली, तर लगेच पळवू नये. टायरमधली हवा, ब्रेक आणि ऑइल पाहावं.

पुढच्या वेळी जाताना

टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत गंज कमी धरतो. कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं. बॅटरीची काळी वायर सोडावी. घरी म्हातारी माणसं राहतात. कुणाला तरी रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर हीच गाडी उपयोगी पडते. म्हणून गावात कुणी जाणतं असेल तर वायर न सोडता चावी त्याच्याकडे द्यावी आणि पंधरा दिवसांनी एक फेरी मारायला सांगावं.