चूल, धूर आणि आमची जीप

आमच्या बचत गटाने कर्ज काढून एक जुनी डिझेल जीप घेतली. पापड, शेवया, चटण्या घेऊन आम्ही तिच्यातूनच बाजाराला जातो. गेल्या उन्हाळ्यात ती चढाला दम टाकायला लागली. एक्सलरेटर दाबला तरी ओढ नाही, मागून काळा धूर आणि बॉनेटखाली फुसफुस आवाज. गॅरेजवाले दादा म्हणाले, "इंजिन उघडावं लागेल, २० हजार तयार ठेवा." इकडे कर्जाचा हप्ता चार दिवसांवर आलेला! आमची गाडी चालवणारी ताई म्हणाली, "पैसे देण्याआधी आपण बघू तरी."

चुलीत लाकडं कोंबली आणि हवा अडली की काय होतं? आच कमी, धूर जास्त. इंजिनाचंही तसंच. एक किलो डिझेल नीट जळायला निदान १५ किलो हवा लागते. ही हवा आधी फिल्टरमधून गाळली जाते, मग रबरी पाइपाने टर्बोत जाते. टर्बो म्हणजे हवा दाबून पुढे ढकलणारा पंखा. तिथून जाड पाइपाने ती इंजिनात शिरते. वाटेत हवा अडली किंवा फुटक्या पाइपातून बाहेर गेली, तर डिझेल अर्धवट जळतं. तोच काळा धूर.

बघायचं कसं? इंजिन बंद आणि पूर्ण थंड हवं. हँडब्रेक ओढा, चावी काढून जवळ ठेवा. पदर खोचा, ओढणी बाजूला ठेवा.

पहिला फिल्टर. क्लिपा काढून डबा उघडा. आत पालापाचोळा किंवा उंदराचं घर सापडलं तर नवल नाही. कागदी फिल्टर उन्हाकडे धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर तो भरलाय. वरवरची धूळ हलकेच आपटून झाडा, पण पाण्याने किंवा रॉकेलने धुऊ नका. फाटला किंवा फार काळा पडला असेल तर नवाच घाला. आणि फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नका. धूळ आत गेली की इंजिन झिजतं.

मग पाइप. सगळ्या पाइपांवरून हात फिरवा, खालच्या बाजूनेही. थोडा वाकवून बघा, म्हणजे मिटलेली चीर उघडते. तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तिथे नीट बघा. टर्बोपुढच्या आमच्या पाइपाला क्लिपेच्या कडेला, खालून बोटभर चीर होती. वरून काहीच दिसत नव्हतं.

शेवटी क्लिपा. सैल असतील तर स्क्रू-ड्रायव्हरने आवळा, पण रबर कापेल इतक्या नाही.

चिरलेल्या पाइपाला चिकटपट्टी लावून भागत नाही, दाबाने आणि उष्णतेने ती सुटते. आम्ही जुना पाइप नमुना म्हणून दुकानात नेला. नवा पाइप आणि दोन क्लिपा मिळून ९०० रुपये लागले. दोन्ही तोंडं पुसून पाइप पूर्ण आत बसवला, क्लिपा आवळल्या. फुसफुस थांबली, धूर गेला आणि हप्ता वेळेवर भरला.

सगळंच घरी होत नाही, हेही सांगते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. टर्बोतून लोखंड घासल्यासारखा आवाज आला, ऑइलचा लाल दिवा लागला, किंवा हे सगळं करूनही काळा धूर राहिला, तर गाडी पुढे दामटू नका. मेकॅनिकला बोलवा.

आमचे गॅरेजवाले दादा खोटं बोलले, असं मी म्हणत नाही. आम्हीच काही विचारलं नव्हतं. आता आमच्या गटात नियम आहे: इंजिन उघडायला होकार देण्याआधी विचारायचं, "दादा, हवेचा रस्ता तपासला का?" आणि बदललेला जुना भाग मागून घ्यायचा. पैसा गटाचा आहे, विचारायला लाजायचं कशाला?