जलपूर्ण दगडखाणीतील बुडीचे नियोजन : अंबडच्या उंचीचा विचार

पाण्यात किती खोल उतरावयाचे, एवढ्याच प्रश्नाभोवती बुडीचे नियोजन फिरते असा सर्वसाधारण समज आहे. समुद्रकिनारी तो बऱ्याच अंशी चालून जातो. परंतु स्कूबाची साधने घेऊन घाटमाथ्यावरील एखाद्या जलपूर्ण दगडखाणीत एका दिवसाच्या सहलीसाठी जावयाचे असेल, तर खोलीइतकाच त्या स्थळाच्या उंचीचा व येण्याजाण्याच्या मार्गाचाही विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात नाशिकजवळील अंबडची उंची, म्हणजे सुमारे ६०० मीटर, उदाहरणादाखल घेतली आहे.

पाणबुड्या दाबाखालील हवा श्वासावाटे घेतो, तेव्हा तिच्यातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. वर येताना दाब फार झपाट्याने उतरला, तर या वायूचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवतात. जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनी १९०८ मध्ये यासंबंधीची पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली. (त्यांचेच पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.) बुडबुडे होणे हे दाबांतील वजाबाकीपेक्षा त्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते, हे हॉल्डेन यांच्या विवेचनातील मर्म होय.

आता अंबडच्या उंचीवरील एखाद्या खाणीत १८ मीटर खोल बुडी घेतली असे समजू. तेथील हवेचा दाब सुमारे ९४३ मिलिबार. गोड्या पाण्याच्या १८ मीटर स्तंभाचा दाब सुमारे १,७६६ मिलिबार. म्हणजे तळाचा एकूण दाब पृष्ठावरील दाबाच्या २.८७ पट होतो. समुद्रात तेवढ्याच खोलीवर हे गुणोत्तर २.७९ असते. खाणीतील एकूण दाब समुद्रातल्यापेक्षा कमी, पण गुणोत्तर अधिक, अशी ही विपरीत स्थिती आहे. समुद्राच्या हिशेबाने ही बुडी जवळजवळ १८.९ मीटरची ठरते. हा फरक क्षुल्लक वाटेल. तथापि अमेरिकी नौदलाच्या जुन्या प्रमाण कोष्टकात ६० फुटांसाठी, टप्पे न घेता वर येण्याची मर्यादा ६० मिनिटांची, तर ७० फुटांसाठी ५० मिनिटांची होती. १८ मीटर म्हणजे ५९ फूट, १८.९ मीटर म्हणजे ६२. नियमाने पुढचीच ओळ घ्यावी लागते, आणि दहा मिनिटे हातची जातात.

बारा लिटरच्या, २०० बार दाबाच्या टाकीतील एक तृतीयांश हवा राखून ठेवल्यास, मिनिटाला २० लिटर श्वास घेणाऱ्यास या खोलीवर जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यामुळे पहिल्या बुडीत वरील मर्यादा गाठली जाणार नाही. दुसऱ्या बुडीच्या वेळी मात्र शरीरात उरलेला नायट्रोजन हिशेबात धरावा लागतो. मुंबईहून पहाटे निघून त्याच सकाळी पाण्यात उतरणाऱ्याच्या अंगी तर समुद्रसपाटीच्या दाबाचा नायट्रोजन आधीच जास्त असतो. नव्या उंचीशी समतोल साधण्यास सुमारे बारा तास लागतात. म्हणून आदल्या रात्रीच नाशिकला मुक्काम करणे श्रेयस्कर.

परतीचा मार्गही असाच तपासावा. इगतपुरीपर्यंतचा रस्ता फारसा चढत नाही आणि पुढे कसारा घाट उतरताना हवेचा दाब वाढतच जातो. मुंबईकडे जाण्यास त्यामुळे अडचण नाही. पण जाता जाता सप्तशृंगगडावर देवदर्शन करून यावे, हा नाशिकच्या सहलीतील सहज सुचणारा बेत बुडीच्या दिवशी टाळलाच पाहिजे, कारण गडावरील गाव हजार मीटरहून उंच आहे. उलट दिशेनेही हेच लागू पडते. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात बुडी घेऊन त्याच सायंकाळी घाट चढणे धोक्याचे. सुमारे ६०० ते २,४०० मीटर उंचीच्या तुल्य दाबातील विमानप्रवासापूर्वी, टप्पे न घेता केलेल्या एका बुडीनंतर किमान बारा तास व अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावे, असे २००२ मधील एका तज्ज्ञ परिषदेने सुचविले. घाटातील चढास तोच विवेक लावणे योग्य होय.

खाणीचे स्वरूपही लक्षात घ्यावे. दख्खनच्या काळ्या पाषाणातील खाणींच्या भिंती उभ्या, भेगांनी तुटलेल्या असतात. काठाशी उथळ पाणी नसते. पोहण्यास उतरलेल्यांचे बळी तेथे पडतात ते बहुधा यामुळेच. पावसाळ्यानंतर पाणी गढूळ, तळचा थर थंड, आणि तारा व झुडपे यांत पाय अडकण्याचा संभव. गोड्या पाण्यात तरंगण्याची शक्ती सुमारे अडीच टक्क्यांनी कमी असल्याने समुद्रातील शिशाची वजने तशीच बांधल्यास माणूस जड होतो.

तात्पर्य, प्रथम मालक व प्रशासन यांची अनुमती. नंतर बाहेर पडण्याची निश्चित जागा, काठावरील मदतनीस व प्राणवायूची सोय. त्यानंतर उंचीनुसार सुधारलेले कोष्टक वा यंत्र. आणि शेवटी परतीच्या मार्गावरील चढ. यांपैकी एकही बाब अनिश्चित असेल, तर त्या दिवशी पाण्यात न उतरणे हाच योग्य निर्णय ठरतो.